माझ्या खात्यावरचे सत्त्याऐंशी रुपये सतरा पैसे : रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक,
शहीद भगतसिंग मार्ग, फोर्ट, मुंबई

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, माझ्याकडे पैसे नव्हते म्हणून माझ्या बँकेने माझ्याकडून २,०८८ रुपये ६६ पैसे घेतले.

मी अकोले तालुक्यातली. अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे; प्रत्येक फॉर्मवर हे सांगावं लागतं म्हणून इथेही सांगते. २०२४ साली संगमनेरच्या एका कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आता सिन्नरच्या एमआयडीसीत एका प्रयोगशाळेत काम करते. मधलं जवळजवळ वर्ष घरी गेलं. हे पत्र त्या वर्षाबद्दल आहे, आणि आपल्या बँकेने २०१४ साली लिहिलेल्या एका वाक्याबद्दल.

आधी खातं कसं उघडलं ते सांगते. नोव्हेंबर २०२१. कॉलेज नुकतंच पुन्हा सुरू झालं होतं, सगळे मास्कमध्ये, वर्गातल्या मुली डोळ्यांवरून ओळखायच्या. शिष्यवृत्तीच्या अर्जाला आधार जोडलेलं खातं लागतं, म्हणून कॉलेजने बँकेलाच बोलावून घेतलं होतं. हॉलमध्ये दोन टेबलं, मागे ‘झीरो बॅलन्स’चं बॅनर, टेबलावर फॉर्मचा गठ्ठा. बँकेचा एक तरुण माणूस पेन्सिलने भराभर फुल्या मारत होता आणि म्हणत होता, ‘फुली दिसेल तिथे सही करा.’ अकरा फुल्या होत्या. मी मोजल्या, कारण माझी सही तेव्हा नवी होती आणि दर वेळी वेगळी येत होती. नवव्या सहीला तो म्हणाला, ‘मॅडम, पहिल्यासारखी करा की.’ फॉर्म इंग्रजी आणि हिंदीत होता. खातेदाराच्या हाती पडणारे छापील कागद प्रादेशिक भाषेतही हवेत, हा आपलाच जुना दंडक. त्या हॉलमध्ये मराठीत होतं ते बॅनरवरचं ‘स्वागत’ तेवढं.

तीन वर्षं ते खातं गुणी मुलासारखं वागलं. शिष्यवृत्ती यायची, फी जायची, मेसचे पैसे जायचे. दर तिमाहीला व्याजाची नोंद पडायची: ४ रुपये, ७ रुपये, एकदा तर ११ रुपये. हसू नका, मला त्याचं फार कौतुक होतं. काही न करता पैसे वाढतात ही गोष्ट आमच्या घरात पहिल्यांदा माझ्या पासबुकात घडत होती. वडिलांना मी ती ओळ बोट ठेवून दाखवली होती.

जुलै २०२४ मध्ये निकाल लागला. खात्यावर ४१२ रुपये होते. मी हॉस्टेलची खोली सोडली, कॉट आणि बादली ज्युनिअर मुलीला देऊन टाकली आणि एसटीत बसून घरी आले. पदवीचं प्रमाणपत्र मिळायला अजून अवकाश होता, पण माझं शिक्षण संपल्याचं बँकेच्या संगणकाला तेव्हाच कळलेलं होतं. फॉर्ममध्ये ‘अभ्यासक्रम पूर्ण होण्याचा महिना’ असा रकाना होता आणि तो मीच भरला होता. ऑगस्टपासून माझं विद्यार्थी खातं साधं बचत खातं झालं. साध्या खात्यात दरमहा सरासरी ५,००० रुपये ठेवायचे. कमी पडतील त्याच्या सहा टक्के दंड, आणि दंडावर अठरा टक्के जीएसटी.

याची सूचना आली नाही असं मी म्हणणार नाही. ऑगस्टअखेर एक एसएमएस आला होता, इंग्रजीत. ‘एमएबी’ राखली नाही तर ‘चार्जेस ॲज ॲप्लिकेबल’. एमएबी म्हणजे मंथली ॲव्हरेज बॅलन्स हे मला सहा महिन्यांनी कळलं. त्या एसएमएसच्या वर रिचार्जची ऑफर होती आणि खाली ‘तुमचं केवायसी आज रात्री बंद होईल’ असा एका भामट्याचा मेसेज. अनोळखी मेसेजवर विश्वास ठेवू नका, असं आपण ‘आरबीआय कहता है’ म्हणत टीव्हीवरून सांगता. मी ठेवला नाही.

१ सप्टेंबरला ३२४ रुपये ८३ पैसे गेले. उरले ८७ रुपये १७ पैसे. १ ऑक्टोबरला दंड झाला ३४७ रुपये ८३ पैसे, पण खात्यात होते सत्त्याऐंशी. बँकेने तेवढे घेतले आणि उरलेले २६० रुपये ६६ पैसे माझ्या नावावर मांडून ठेवले. पुढे खातं पूर्ण रिकामं, म्हणजे तूट पूर्ण पाच हजारांची. तिच्या सहा टक्के तीनशे, वर जीएसटी चोपन्न. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. महिन्याला ३५४ रुपये, रिकाम्या खात्यावर. या काळात मी एटीएममध्ये गेले नाही, चेक फाडला नाही, शाखेच्या पंख्याखालीही बसले नाही. मी घरी होते. सकाळी भावाच्या मुलाचा अभ्यास घ्यायचे, दुपारी नोकरीचे अर्ज भरायचे आणि संध्याकाळी, ‘काय गं, लागलं का कुठं?’ या प्रश्नाला उत्तर देत फिरायचे.

फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात शेवटच्या वर्षाच्या शिष्यवृत्तीचा राहिलेला हप्ता जमा झाला. २,८६० रुपये. मेसेज वाचला तेव्हा मी हौदावर कपडे धूत होते. हात पुसून घरात जाऊन आईला सांगेपर्यंत दुसरा मेसेज आला, मग तिसरा, मग ओळीने आणखी तीन. शिल्लक १,१८३ रुपये ३४ पैसे.

आम्हा सगळ्यांना एकच वाटलं. वडील म्हणाले, ‘१९३० ला फोन लाव, कुणीतरी खातं फोडलं.’ मी लावणारच होते. मग मेसेज नीट वाचले, तर पैसे काढणारी बँकच होती. सायबर चोराने निदान ओटीपी तरी मागितला असता.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या तिकिटात संगमनेर गाठलं. अकोल्याहून बावीस-तेवीस किलोमीटर. नोकरी नसलेल्या मुलीसाठी बायकांची निम्म्या भाड्याची सवलत ही सरकारने केलेली सगळ्यात कामाची गोष्ट, हे जाता जाता लिहून ठेवते. शाखेत टोकन घेतलं. काउंटरवरचे साहेब वाईट नव्हते. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि पेनने दाखवलं, ‘हे बघा मॅडम, इथे लिएन लागलेलं होतं. क्रेडिट आलं की सिस्टीम आपोआप घेते. आमच्या हातात काही नाही.’

‘लिएन म्हणजे?’

‘म्हणजे बँकेचं येणं.’

‘पण मी बँकेकडून काही घेतलंच नव्हतं.’

ते जरा थांबले. मग म्हणाले, ‘घेतलं नव्हतं, पण ठेवलंही नव्हतं ना.’

घरी येऊन हे वडिलांना सांगितलं. ते दोन एकर कांदा लावणारे गृहस्थ, बाजार समितीतल्या आडत्यापासून खतवाल्यापर्यंत सगळ्यांच्या वह्या पाहिलेले. पासबुक त्यांनी बराच वेळ उलटसुलट केलं आणि म्हणाले, ‘सावकार आधी पैसे देतो आन मग व्याज घेतो. ह्यांचं बरंय.’

आता आपल्या त्या वाक्याकडे येते.

२० नोव्हेंबर २०१४ ला रिझर्व्ह बँकेने बचत खात्यातल्या किमान शिल्लकीच्या दंडाबद्दल परिपत्रक काढलं. ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झालं. मी ते तीनदा वाचलं. रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकापेक्षा सोपं आहे. शिल्लक कमी पडली तर ग्राहकाला स्पष्ट कळवायचं, आणि ती भरून काढायला एक महिना द्यायचा. दंड तुटीच्या प्रमाणात हवा, वाजवी हवा, आणि सेवा द्यायला सरासरी जो खर्च येतो त्याच्याशी विसंगत नको. आणि शेवटी ते वाक्य, माझ्या शब्दांत: निव्वळ या दंडामुळे बचत खात्याची शिल्लक उणे होता कामा नये.

हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला माझ्यासारखी माणसं माहीत असणार. त्याने विचार केला असेल की ज्याच्याकडे नाहीच त्याच्याकडून घ्यायचं ते किती? जास्तीत जास्त खात्यात असेल तेवढं. शून्यावर येऊन थांबायचं. शून्याखाली माणूस कर्जदार होतो, आणि बचत खातं उघडणाऱ्याला कर्जदार करायचं नाही.

माझ्या बँकेने हे वाक्य अक्षरशः पाळलं. माझी शिल्लक एकदाही उणे झाली नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी ॲपमध्ये ती ०.०० दिसत होती, स्वच्छ, गोल. उणे एका बाजूला होतं, ‘लिएन’ नावाच्या रकान्यात, जो बघायला तीन वेळा बोट दाबावं लागतं. १,६७६ रुपये ६६ पैसे तिथे दबा धरून बसले होते आणि माझ्या खात्यात येणाऱ्या पहिल्या पैशाची वाट बघत होते. याला आपल्याकडे बाकी म्हणतात. इंग्रजीत ओव्हरड्राफ्ट म्हणत असतील. जनधन खातेदाराला सरकार दहा हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्टची सोय देतं. तो बिचारा अर्ज करतो, त्याला पैसे मिळतात, तो वापरतो. मला न मागता मिळाला, आणि त्यातला एक रुपयाही मला खर्च करता आला नाही.

थोडं गणित. पाच हजारांच्या तुटीवर महिन्याला ३५४ म्हणजे ७.०८ टक्के. वर्षाचे ४,२४८ रुपये, पंच्याऐंशी टक्क्यांच्या घरात. तेही न दिलेल्या पैशांवर. आणि पाच महिने ज्या खात्यावर माझा एकही व्यवहार नाही, त्याला सेवा द्यायचा सरासरी खर्च काय येतो, हे मला खरोखर कुतूहल म्हणून जाणून घ्यायचं आहे. दंडाच्या २,०८८ रुपयांत ३१८ रुपये ६१ पैसे जीएसटी होता. पैसे नसणे ही सेवा मी घेतली, असं त्या पावतीचं म्हणणं.

हे वाचत असताना मला आणखी एक कागद सापडला आणि त्याने माझी झोपच उडवली. नोव्हेंबरच्या परिपत्रकाआधी सात महिने, १ एप्रिल २०१४ च्या आपल्या पतधोरण निवेदनात, ग्राहकाच्या अडचणीचा किंवा दुर्लक्षाचा बँकांनी गैरफायदा घेऊ नये असं म्हणून एक सरळ उपाय सुचवला होता. शिल्लक कमी पडली तर दंड लावूच नका. त्या खात्याच्या सोयी मूलभूत बचत खात्याइतक्या (ज्याला किमान शिल्लक लागत नाही त्या साध्या खात्याइतक्या) मर्यादित करा, आणि शिल्लक पुन्हा भरली की सोयी परत द्या. तेव्हा डॉ. रघुराम राजन गव्हर्नर होते. म्हणजे चेकबुक काढून घ्या, फुकटची जादा सेवा बंद करा, पण खिशात हात घालू नका. माझ्याबाबतीत हे झालं असतं तर मला काय फरक पडला असता? काहीच नाही. मला चेकबुक लागतच नव्हतं. माझे ४१२ रुपये ४१२ राहिले असते, आणि शिष्यवृत्तीचे २,८६० हे २,८६० राहिले असते.

एप्रिल ते नोव्हेंबर या सात महिन्यांत मुंबईत काय चर्चा झाली असेल ती असेल. ‘दंड नको’चं ‘दंड वाजवी हवा’ झालं.

त्या मूलभूत खात्याचीही कथा ऐका. परिपत्रक हाती घेऊन मी पुन्हा शाखेत गेले आणि म्हटलं, माझं खातं बेसिक सेव्हिंग्ज खात्यात बदलून द्या. साहेब म्हणाले, ‘ते जनधनवाल्यांचं असतं, तुम्ही ग्रॅज्युएट आहात.’ जणू पदवी म्हणजे मिळकत. हे खातं कुणालाही मिळतं, त्याला किमान शिल्लक नाही, असलेलं खातं त्यात बदलता येतं, आणि ही व्यवस्था ऑगस्ट २०१२ पासून आहे, जनधनच्याही दोन वर्षं आधी. हे सगळं मला बोलता आलं नाही. माझा आवाज कापायला लागतो. मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला, आत गेले, बाहेर आले आणि म्हणाले, ‘होईल, पण आधी फेब्रुवारीचा चार्ज क्लिअर करावा लागेल.’ खातं बंद करायचं म्हटलं तरी हेच उत्तर. दारातून बाहेर पडायचं तरी आधी तिकीट काढा.

तक्रार केली. आधी बँकेकडे लेखी, पोच घेऊन. माझं म्हणणं दोनच ओळींचं होतं: ऑगस्टचा दंड एक महिन्याची मुदत न देता लावलात, आणि खातं रिकामं झाल्यावर मांडलेली बाकी ही उणे शिल्लकच आहे. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर आपल्या एकात्मिक लोकपाल योजनेत, २०२१ च्या, ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत, हे मी त्याच पत्रात शेवटी लिहिलं होतं. सव्विसाव्या दिवशी फोन आला. तीन महिन्यांचे १,०६२ रुपये ‘गुडविल म्हणून’ परत जमा करतोय, खातं बेसिकमध्ये बदलतोय, तक्रार बंद करू का?

गुडविल. म्हणजे मेहेरबानी. मी पंधरा सेकंद गप्प होते. लोकपालांकडे गेले असते तर कदाचित निर्णय झाला असता, आणि निर्णय झाला असता तर तो माझ्यानंतरच्या मुलींना दाखवता आला असता. पण त्याच आठवड्यात सिन्नरला मुलाखत होती आणि मला बसभाडं आणि एक धड ड्रेस हवा होता. मी ‘हो’ म्हटलं. या ‘हो’चं मला अजून वाईट वाटतं, आणि हे पत्र काही अंशी त्याची भरपाई आहे. माझ्यासारखे किती जण पंधरा सेकंदांनी हो म्हणत असतील, आणि त्यांची नोंद ‘तक्रार निकाली’ या आकड्यात कशी सुखाने बसत असेल!

माझी एकटीची गोष्ट असती तर एवढं लिहिलं नसतं. माझी खोलीतली मैत्रीण पुण्यात नोकरीला लागली, कंपनीने पगार खातं उघडून दिलं, तेही झीरो बॅलन्स. सातव्या महिन्यात कंपनीने तिच्यासह अख्खा गट घरी पाठवला. पगार थांबला, तीन महिन्यांनी खातं ‘रेग्युलर’ झालं. तिने पहिल्या पगाराच्या आनंदात महिना पाचशेची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा आपोआप जाणारा हप्ता, लावली होती. खात्यात पैसे नाहीत म्हणून हप्ता परत गेला, आणि परत गेल्याचा दंड पाचशे अधिक जीएसटी, म्हणजे ५९० रुपये. पाचशेची बचत चुकली म्हणून पाचशे नव्वद. बचतीची सवय लावा, असं तिला त्याच बँकेच्या माणसाने सांगितलं होतं.

लोकसभेत जुलै २०२४ मध्ये सरकारनेच सांगितलं की २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी किमान शिल्लक न राखल्याबद्दल सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये गोळा केले. खासगी बँकांचे यात नाहीत. त्याआधी २०१७ साली एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत एकट्या स्टेट बँकेने सतराशे कोटींच्या वर घेतले होते. ओरड झाली, रकमा कमी झाल्या, आणि मार्च २०२० मध्ये त्या बँकेने हा दंडच काढून टाकला. स्टेट बँक काही त्यामुळे बुडाली नाही. २०२५ च्या जून-जुलैत कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा, इंडियन या बँकांनीही तेच केलं. ज्यांना करायचं होतं त्यांना जमलं.

आपण ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातेत म्हणालात की किमान शिल्लक किती ठेवायची हे ज्या त्या बँकेने ठरवायचं, ते नियामकाच्या कक्षेत येत नाही. ठीक आहे. मी ते मान्य करून पुढे जाते. बँकेने पाच हजार म्हणावं, पन्नास हजार म्हणावं. ज्याला परवडेल तो जाईल. पण शिल्लक उणे होऊ नये हे आपल्याच कक्षेतलं आहे ना? ते आपणच लिहिलंय. मी बँकेचा दर ठरवा म्हणत नाही, आपल्या वाक्याचा अर्थ सांगा म्हणते आहे.

‘मग दुसऱ्या बँकेत जायचं’ असं कुणी म्हणेल, म्हणून तेही सांगते. सरकारी पैसा ज्या खात्याला आधार जोडलेला असतो त्याच खात्यात येतो. माझा हप्ता कधी येईल हे मला माहीत नव्हतं, कॉलेजलाही नव्हतं. मध्येच जोडणी हलवली आणि नेमका त्याच आठवड्यात हप्ता अडकला तर? मी जुनं खातं जपून ठेवलं ते शिष्यवृत्तीसाठी, आणि जपून ठेवलं म्हणूनच दंड साचला. हे आपल्यालाही ठाऊक आहे. १ जानेवारी २०२४ च्या आपल्या सूचनांत शिष्यवृत्ती आणि सरकारी लाभांसाठी उघडलेली शून्य शिल्लक खाती दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय ठरवू नका, असं म्हटलंय. म्हणजे शिष्यवृत्ती उशिरा येते हे फोर्टमध्ये पोचलेलं आहे. त्याच सूचनांत निष्क्रिय खात्यांना किमान शिल्लकीचा दंड लावायला मनाई आहे. मेलेल्या खात्याला संरक्षण आहे. धुगधुगी असलेल्यालाच नाही.

आणि हा पैसा असा वळता होऊ शकतो हे महाराष्ट्राने ढळढळीत पाहिलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते पडले आणि काही बँकांनी त्यातून जुनी येणी कापून घेतली. बोभाटा झाला. राज्य सरकारला बँकांना सांगावं लागलं की हे पैसे कापू नका. योजना मोठी होती, वर निवडणूक तोंडावर होती, म्हणून सांगितलं गेलं. अकोले तालुक्यातल्या एका मुलीच्या २,८६० रुपयांसाठी कोण सांगणार? म्हणून मीच लिहितेय.

मागणी अशी. दंड लावायचा तर खात्यात त्या दिवशी असेल तेवढ्याचाच लावा. न वसूल झालेला दंड पुढे ओढू नये, लिएन म्हणून नाही, बाकी म्हणून नाही, कुठल्याही नावाच्या रकान्यात नाही. हे एका ओळीत लिहिता येईल, कारण अर्धी ओळ २०१४ मध्ये लिहून झालेली आहे. आणि विद्यार्थी खातं किंवा पगार खातं संपेल तेव्हा ते आपोआप महागड्या खात्यात ढकलू नका; बेसिकमध्ये जाऊ द्या. ज्याला सोयी हव्यात तो येऊन सही करेल. आज उलट आहे. वर जायला सही लागत नाही आणि खाली उतरायला तीन चकरा.

जूनमध्ये मी सिन्नरला रुजू झाले. पहिल्याच दिवशी एचआरने बँकेचा माणूस बोलावला होता. वेगळी बँक, वेगळा माणूस, पण हातात तीच पेन्सिल. फुल्या या वेळी चौदा. मी म्हटलं, ‘थांबा, वाचते.’ तो म्हणाला, ‘मॅडम, सगळं झीरो बॅलन्स आहे.’ मी वाचत राहिले. चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात त्याने दुसऱ्या पाच जणांच्या सह्या घेतल्या. शेवटी विचारलं, ‘पगार थांबला तर या खात्याचं काय होतं?’

त्याने पेन्सिल कानावर ठेवली, खिशातून मोबाइल काढला आणि कुणालातरी फोन लावला. ‘सर, एक मॅडम विचारतायत,’ एवढं बोलून तो खिडकीपाशी गेला. परत आला तेव्हा म्हणाला, ‘सांगतो म्हणालेत. तोवर सही करून ठेवा.’

तेराव्या फुलीवर मी सही केलेली नाही. तिथे जे लिहिलंय त्याचं उत्तर आलं की करेन. पगार सध्या चेकने घेते, आणि एचआरच्या मॅडम माझ्यावर नाराज आहेत.

कळावे,
आपली,
एक खातेदार, तालुका अकोले

ता. क. – १,०२६ रुपये ६६ पैसे अजून बँकेकडे आहेत.